बाळंतिणीच्या खोलीतली पाखरं

ताडकळस
२० नोव्हेंबर १९७६

आश्रुबादादास,

चांगुणाचा सप्रेम जयभीम.

बैलानं लाथ मारून तुमचा पाय मोडला हे कडूवैनीच्या निरोपातून कळलं. वीस वर्सं गुरांच्या दवाखान्यात काढली आन तुमाला मारका बैल ओळखू आला न्हाई का? मला लय काळजी लागलीय. प्लास्टर कवा काढणार ते लिवा.

पत्र लिवायचं कारण येगळंच हाय. विशाखा बाळंतपणाला घरी आलीय. सातवा सरत आलाय. तब्येत बरी हाय, पण बोलत न्हाई. गेल्या हिवाळ्यात तिचं पहिलं लेकरू बाराव्या दिशी तापानं गेलं, तवापासून पोरगी हसलेली मी बघितली न्हाई. तांदूळ निवडायला दिले तर निवडलेलेच पुन्हा निवडत बसती.

परवा बाजारात एक जण पिंजऱ्यात राघू घेऊन बसला होता. ही तिथंच थांबली. अर्धा घंटा हालली न्हाई. राघूनं मान वाकडी केली की ही पण करायची. मी भाजीची पिशवी धरून मागं उभी. तवाच ठरवलं, घरात एक पाखरू आणायचं.

हैदराबादेत पाखरांचा बाजार भरतो म्हणं. जावईबापू सूर्यभान पूर्ण्याच्या टेसनात कामाला हायेत, त्यांना पास मिळतो. ते आणून देतो म्हणायलेत. कोणतं पाखरू घ्यावं, काय खाऊ घालावं, तान्ह्या लेकराच्या घरात चालतं का, सगळं सविस्तर लिवा. विशाखाचे बाबा म्हणतेत, माणसाला पाय पसरायला जागा न्हाई आन पाखरू कशाला. त्यांचं मी बघते.

तुमची बहीण,
चांगुणा

सेलू
२५ नोव्हेंबर १९७६

चि. चांगुणास, अनेक आशीर्वाद व जयभीम.

बैल ओळखला होता गं. त्याच्या मालकाला ओळखलं नाही. "गरीब हाय, धरतो मी," म्हणाला आणि ऐनवक्ताला दोर सोडून पळाला. प्लास्टर जानेवारीच्या मध्यावर काढणार. तोवर मी खाटेवर, आणि कडूबाईच्या राज्यात.

आता पाखराचं. राघू घेऊ नको. बाजारातला राघू म्हणजे झाडाच्या ढोलीतून ओढून काढलेलं पिल्लू. निम्मी वाटेतच मरतात, जगला तर वीस-पंचवीस वर्षं त्याचा जिम्मा. शिवाय दिवसभर ओरडतो, दाराची लाकडं कुरतडतो. मुनिया दिसायला गोड, पण विकणारे त्यांना रंग देतात. आंघोळ केली की रंग पाण्यात.

सूर्यभानला सांग, लव्हबर्ड म्हणतात ते छोटे पोपट घे, एक जोडी. पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, माणसांना लवकर सरावतात. घेताना घाई करू नये. दुकानासमोर जरा वेळ नुसतं उभं राहावं. जे पाखरू भर दिवसा अंग फुगवून, डोळे मिटून बसलंय ते आजारी. शेपटीखाली घाण चिकटलेली असेल तर घेऊच नये. डोळे चमकदार, पायांची पकड घट्ट, इकडून तिकडं उड्या मारणारं घ्यावं. नाकावरची जागा निळी असेल तो नर, भुरकट असेल ती मादी.

पिंजरा उंच नको, लांब हवा. राळा आणि बाजरी द्यायची, मधूनमधून कोथिंबिरीची काडी. पाणी रोज बदलायचं. दाण्यांची टरफलं वाटीत वरच साचतात आणि आपल्याला वाटतं वाटी भरलेली आहे. पाखरू उपाशी मरतं. रोज फुंकर मारून बघायचं.

दोन गोष्टी मात्र नीट ध्यानात ठेव. एक, त्यांना थंड वाऱ्याचा झोत लागू द्यायचा नाही. थंडीत उबेच्या, बंद खोलीत ठेवायचं. दुसरं, धूर नको. पाखराची छाती फार नाजूक, चुलीच्या धुरानंही गुदमरतं.

विशाखाला सांग, मामा पाय बरा झाला की पाखरं बघायला येणार.

तुझा,
आश्रुबादादा

ताडकळस
१६ डिसेंबर १९७६

आश्रुबादादास, जयभीम.

दादा, तुमी पुन्हा आजोबा झालात! विशाखाला ११ तारखेला सकाळी पोरगी झाली. आठव्यातच झाली. लय बारीक हाय, माझ्या वंजळीत मावती. सरकारी नर्सबाई येळेवर आल्या, सुटका नीट झाली. जाताना बजावून गेल्या, लेकराला ऊब कमी पडू देऊ नका.

पाखरं त्याच्या आधीच आली होती. जावईबापू तुमचं पत्र खिशात घालून गेले होते. दुकानदार म्हणला म्हणं, घ्यायचं हाय का परीक्षा घ्यायचीय? नर हिरवा, मादी निळी. पहिल्या दिवशी कोपऱ्यात चिकटून बसले. तिसऱ्या दिशी विशाखानं कोथिंबीर धरली तर निळीनं तिच्या बोटावरच पाय ठेवला. दादा, पोरगी हसली. आवाज करून हसली. मी चुलीजवळ होते, माझी भाकर तव्यावर करपली.

लेकरू लहान म्हणून ह्यांची सुलामावशी झरीहून आलीय. सत्तरीची हाय, पण शंभर बाळंतिणी काढल्यात तिनं. मागची खोली बाळंतिणीला दिलीय. खिडकीला पोतं ठोकलंय, वरच्या झरोक्यात चिंध्या कोंबल्यात, दार लावूनच ठेवतो. बाजेखाली शेगडी. मावशी गोवऱ्या लावणार होती, पण तुमी धूर नको लिवलंय, आन पाखरं बी त्याच खोलीत ठेवलीयत. विशाखाला ती डोळ्यासमोर पाहिजेत. म्हणून गोवऱ्या बंद केल्या, कोळसा लावला. गेल्या सालचं अर्धं पोतं घरात होतंच. निखारे झाले की धुराचं नाव न्हाई. बराबर केलं का?

चांगुणा

सेलू
२० डिसेंबर १९७६

चि. चांगुणास, आशीर्वाद.

तुझं पत्र कडूबाईला तीनदा वाचून दाखवलं. तिनं गूळ वाटला. विशाखा हसली हे वाचून मी बराच वेळ खिडकीकडं तोंड करून बसलो होतो, असं ती तुला सांगेल. खोटं नाही.

कोळशाचं बरं केलंस. निखाऱ्याला धूर नाही, लेकरालाही बरं आणि पाखरांनाही. यंदा थंडी जास्त आहे, इथं सकाळी पाण्यात हात घालवत नाही. दाराखालच्या फटीतून वारा येतो, तिथं गोधडीची घडी लाव. पिंजरा जमिनीवर ठेवू नको, बाजेच्या उंचीवर ठेव.

विशाखाला डिंकाचे लाडू कडूबाई करून पाठवणार आहे.

आश्रुबादादा

ताडकळस
२४ डिसेंबर १९७६

आश्रुबादादास, जयभीम.

वाईट वाटतं लिवायला. काल सकाळी हिरवा नर पिंजऱ्यात खाली पडलेला दिसला. पाय वर. आदल्या दिशी चांगला खायलाता. दाणे मी रोज फुंकून बघते, पाणी बदलते, तुमी सांगितलेलं एक बी चुकवलं न्हाई. दाराखाली गोधडी पण लावली. निळी आजपासून अंग फुगवून बसलीय. चोच उघडीच ठेवती. तिला काय इलाज करावा ते लवकर कळवा. गुळाचं पाणी पाजू का? पिंजरा शेगडीच्या आणखी जवळ सरकवलाय.

विशाखाला मी भीत भीत सांगितलं. वाटलं आता पुन्हा गप होती का काय. पण ती रडली पण न्हाई. नुसती "बरं" म्हणली आन कूस बदलून झोपली. दिवसभर झोपतीच. डोकं दुखतंय म्हणती, जेवण जात न्हाई, एकदा वकारी झाली. मावशी म्हणती कच्च्या बाळंतिणीला असं होतंच. मावशीचं बी डोकं धरलंय, फडकं बांधून बसलीय. थंडीच तशी हाय. लेकरू मात्र लय गुणाचं, रडतच न्हाई. दूध प्यायला उठवावं लागतं, दोन घोट घेतलं की पुन्हा झोपतं.

पाखराचं दुखणं माणसाला लागत न्हाई ना? तेवढं लिवा.

चांगुणा

सेलू
२७ डिसेंबर १९७६, दुपारी बारा

चांगुणा,

ही चिठ्ठी कडूबाई घेऊन येते आहे. तिला सगळं सांगितलंय, पण सुलामावशी तिचं ऐकणार नाहीत म्हणून माझ्या हातानं लिहून देतो. तार केली आहे, पण ती तुला वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही.

वाचत बसू नको. आधी दार उघड. खिडकीचं पोतं ओढून काढ. शेगडी बाहेर फेक. विशाखाला आणि लेकराला उचलून अंगणात आण. थंडी वाजली तरी चालेल. पांघरूण घाल, पण बाहेर आण. मग मिळेल त्या गाडीनं परभणीच्या दवाखान्यात न्या. डॉक्टरला एवढंच सांगा, बंद खोलीत कोळशाची शेगडी होती.

पाखराला रोग झालेला नाही. ते कोळशाच्या हवेनं मेलं. त्या हवेला रंग नाही, वास नाही. पाखरू लहान, म्हणून आधी गेलं. विशाखाचं डोकं दुखणं तेच, झोप तीच, लेकराचं न रडणं तेच.

मला हे माहीत होतं. दोन वर्षांखाली आमच्याच दवाखान्यात कोंबडीच्या पिलांच्या खोलीत थंडीसाठी कोळसा लावून दार बंद केलं होतं. सकाळी साठ पिलं मेलेली. मोठ्या डॉक्टरांनी मला समोर उभं करून समजावलं होतं. मी ते डोळ्यांनी बघितलंय आणि तरी तुला "बरं केलंस" लिहिलं. कसं लिहिलं?

पाय असता तर मीच पळत आलो असतो. दार उघड, चांगुणा.

आश्रुबा

ताडकळस
३ जानेवारी १९७७

दादा,

दोघी जिवंत हायेत. जावईबापूंनी तार केली ती पोचली असंल, तरी पुन्हा लिवते, म्हंजी पुढचं वाचायला तुमाला धीर निघंल. कडूवैनीला अजून मी सोडलं न्हाई. तिच्या उजव्या हाताला पट्टी हाय.

त्या दिशी साडेपाचच्या एस.टी.नं ती उतरली. मी अंगणात भांडी घासायले. डोक्यावरचा पदर मागं गेलेला, चपला हातात, धावत आली. मला वाटलं तुमचंच काही बरंवाईट झालं. ती माझ्याशी बोललीच न्हाई, सरळ मागच्या खोलीकडं. मावशी दारात आडवी आली.

"बाळंतिणीच्या खोलीत आल्या पावली शिरतेत व्हय? हातपाय धू आधी!"

"सरका मावशी."

"अगं वारं लागंल लेकराला!"

"वारंच लागू द्यायचंय!" म्हणली आन वैनीनं मावशीला धक्का मारून बाजूला केलं. दादा, जिनं पंचवीस वर्सांत कुणाला उलटून उत्तर दिलं न्हाई, तिनं. शेगडी पदरानं धरून उचलली, पदर जळाला तर हातानंच धरली आन अंगणात भिरकावली. निखारे माझ्या पायापर्यंत आले. मग खिडकीचं पोतं ओढलं, खिळ्यासकट निघालं.

उजेड आत आला तवा मी बघितलं. निळी मरून पडलेली. विशाखाचे डोळे अर्धे उघडे. "विशाखा, ए विशाखा" करून मी हालवलं तर मान ह्या बाजूची त्या बाजूला गेली. तिचे बाबा उंबऱ्यात दगडासारखे उभे. वैनी ओरडली, "दाजी, बाज उचला ना!" तवा ते हालले. बाज तशीच अंगणात आणली. लेकराचे हात लोंबायलेते. वैनीनं त्याला उघडं करून तळपायावर टिचकी मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मारली तवा मांजराच्या पिलावानी आवाज आला.

गावातल्या चंद्रभानचा ट्रक कापूस भरून परभणीला निघालेला होता. त्याच्या कापसावर आमी सगळे. वैनी सारखी म्हणायलीती, तोंडावर पांघरूण घेऊ नका, हवा लागू द्या. दवाखान्यात दोघींना नळीनं हवा दिली. दुसऱ्या दिशी दुपारी विशाखानं मला ओळखलं. लेकरू तिसऱ्या दिशी दूध नीट ओढाय लागलं.

आता जे लिवायचंय त्यासाठी चार कागद फाडले.

डॉक्टर विशाखाला समजावून सांगायलेते, बंद खोलीत कोळसा जळला की काय होतं, माणूस कसा गुंगतो, शेजारी काय झालं ते त्याला कळत न्हाई. ती ऐकत होती. मग हळूच म्हणली, "गेल्या हिवाळ्यात बी हीच शेगडी होती. जानेवारीत. माझं डोकं असंच दुखायचं. त्या दिशी मला कुणी उठवलं तरी जाग येईना."

डॉक्टर म्हणले, आता खात्रीनं सांगता येणार न्हाई, पण तसंच असणार.

ती म्हणली, "मग मी न्हाई मारलं त्याला."

डॉक्टरला वाटलं पोरगी अजून शुद्धीत न्हाई. मला मालूम होतं ती शुद्धीत हाय.

दादा, तुमाला तापानं गेलं म्हणून लिवलं होतं ते खोटं. ताप न्हवता. त्या सकाळी मी खोलीत गेले तर लेकरू तिच्या कुशीला चिकटलेलं, गार. ही मेल्यावानी झोपलेली. तवा बी मावशीच बाळंतपणाला आली होती, मी तिला म्हणले, "आईच्याच अंगाखाली आलं वाटतं." आन म्हणले, "कुणापाशी बोलू नका, पोरीचं नांदणं मोडंल." मला वाटलं ती झोपेत हाय. तिनं ऐकलं होतं. वरसभर तिनं ते कुणाला सांगितलं न्हाई. आन मी तिला पाखरं आणून द्यायले, हसती का बघायले.

तीच खोली, तेच पोतं खिडकीला. त्या पोतभर कोळशातला अर्धा गेल्या साली जळला, अर्धा ह्या साली.

तिच्यासमोर जायचं म्हणलं तर पाय उचलत न्हाईत. तुमी तिला चार शब्द लिवा, आईच्या मनात तसं न्हवतं म्हणून.

चांगुणा

सेलू
८ जानेवारी १९७७

चांगुणा,

तुझं पत्र वाचून झालं आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण दुसऱ्या कुणाचं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. कडूबाई घरात नाही, बोलायला कुणी नाही. भिंतीशी बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणालो, "त्याला कोळशानं मारलं." तरी ते खरं वाटेना.

गेल्या वर्षी तू तापानं लिहिलंस आणि मी विश्वास ठेवला. एका शब्दानं विचारलं नाही, किती ताप होता, किती दिवस होता, डॉक्टर कोण. बैल मेला तर मी मालकाला वीस प्रश्न विचारतो.

तू म्हणतेस तिला चार शब्द लिही. मी माझे लिहीन, तुझे लिहिणार नाही. माझं २० डिसेंबरचं पत्र तुझ्याजवळ असेल. ते फाडू नको. विशाखाला वाचायला दे. दाराखाली गोधडी लाव असं सांगणारा मीच, हे तिनं माझ्या अक्षरात बघावं.

तुझ्या तोंडून निघालेलं वाक्य तिनं कानांनी ऐकलंय. ते कागदावरून परत घेता येणार नाही. तिच्यासमोर बस आणि बोल. ती चिडली तर चिडू दे. उठून गेली तर पुन्हा दुसऱ्या दिवशी बस.

प्लास्टर काढायला अजून आठ दिवस आहेत. कडूबाईला घाईनं पाठवू नको.

आश्रुबादादा

ताडकळस
१३ फेब्रुवारी १९७७

मामांस, विशाखाचा जयभीम.

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणून अक्षर सांभाळून घ्या. तुमच्या पायावर आता भार देता येतो असं मामीनं कळवलं. मामीच्या हाताचा डाग गेला का?

लेक आता रडते. दोन घरांपलीकडं ऐकू जातं. आई म्हणते रडू दे, कुणी गप करायचं नाही.

आई बोलली. फार दिवस लावले तिनं. एकदा चूल सारवता सारवता, माझ्याकडं पाठ करून सुरुवात केली. मी म्हणाले, "इकडं तोंड करून सांग." मग तिनं हात तसेच शेणाचे ठेवून माझ्याकडं तोंड केलं आणि सगळं सांगितलं. तुमचं पत्रही दिलं. मी तिला विचारलं, वर्षभर माझ्याकडं बघताना तुला काय वाटायचं? ती म्हणाली, "तुला हे कळू नये एवढंच वाटायचं." मला तर वाटत होतं, माझ्यामुळं झालं हे हिला कळू नये. एका घरात आम्ही दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो.

मी तिला माफ केलं असं म्हणाले नाही. अजून तोंडातून येत नाही. पण रात्री लेकीला तिच्याजवळ देऊन झोपते.

बाबांनी पहारीनं मागची भिंत फोडली. कुणाला न विचारता, एका सकाळी. तिथं आता मोठी खिडकी आहे, दार अजून बसवलेलं नाही, शेजारची कोंबडी आत येते. सुलाआजी झरीला परत गेली. तिथं एका बाळंतिणीच्या घरात घुसून तिनं खिडकीचं पोतं ओढून काढलं म्हणे. घरच्यांनी हाकलून दिलं, म्हातारीला वेड लागलं म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आजवर काढलेल्या बाळंतिणी एकेक आठवते आणि कोणतं लेकरू कसं गेलं ते मोजत बसते असं सांगणारे सांगतात. मला तिची भीती वाटते आणि कीवही येते.

पाखरं मी परसात पुरली. सूर्यभान दुसरी जोडी आणतो म्हणाले. मी नको म्हणाले, आत्ता नको.

मामा, आई म्हणते चूक माझी. आजी म्हणते माझी. बाबा म्हणतात कोळसा मी आणला होता. तुम्ही पण तेच लिहिलंय. सगळे माझ्यासमोर येऊन हात जोडल्यासारखे उभे राहतात आणि मला काय करावं कळत नाही. मला ते नको आहे. एकच विचारायचं आहे आणि ते फक्त तुम्हालाच माहीत असेल. तुम्ही ती साठ पिलं बघितली आहेत. ती धडपडली होती का? चोच उघडी होती का, पंख पसरलेले होते का, का नुसती झोपल्यासारखी होती? म्हणजे माझ्या पहिल्याला काही त्रास झाला असेल का, मला हाक मारावी असं त्याला झालं असेल का?

खरं असेल ते लिहा. माझ्या भल्यासाठी म्हणून काही बदलू नका.

आणि उत्तर माझ्या नावानं टाका, आईच्या नाही. पोस्टमन सटवाजीला मी सांगून ठेवलंय, विशाखा सूर्यभान म्हणून आलं की माझ्याच हातात द्यायचं.

विशाखा